गोदावरीतील मूक रहिवासी : स्पंज

आमच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत दहावीची मुले प्राण्यांचे वर्गीकरण शिकत होती. फळ्यावर संघांची नावे लिहून झाली. पहिलेच नाव रंध्रीय प्राणी संघ, म्हणजे पोरीफेरा. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, हा स्पंज समुद्रात असतो. आपण नाशिकची मुले. आपण तो कधी पाहणार नाही, मग दोन मार्कांसाठी पाठ करण्यापलीकडे त्याचा आपल्याला उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही त्याला वेळ मारून नेणारे उत्तर दिले, हे कबूल केले पाहिजे. नंतर ग्रंथ चाळले, जाणकारांना विचारले, आणि आमचेच अज्ञान आमच्या लक्षात आले. स्पंज केवळ समुद्रात असतो ही समजूत अपुरी आहे. तो गोड्या पाण्यातही राहतो, आणि शास्त्रीय ग्रंथांत त्याचा जो पत्ता नोंदलेला आहे त्यात आपल्या नाशिकच्या गोदावरीचेही नाव आहे. त्या मुलाला व त्याच्यासारख्या सर्वांना द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख होय.

स्पंज म्हणजे काय नव्हे

प्रथम काही गैरसमज दूर करू. स्वयंपाकघरात भांडी घासण्यासाठी जो रंगीत चौकोनी स्पंज आपण आणतो तो कारखान्यात तयार झालेला प्लास्टिकचा फेस आहे. त्याचा प्राण्याशी नावापुरताच संबंध. आपल्या आया-आज्या वाळलेल्या गिलक्याची जाळी अंग घासायला वापरत. तीही दिसायला स्पंजासारखी, पण ती वेलीच्या फळाची, म्हणजे वनस्पतीची आहे.

खरा स्नानाचा स्पंज भूमध्य समुद्रातून येतो. पाणबुडे तळाशी बुडी मारून तो काढतात, त्याचा मऊ जिवंत भाग कुजवून धुऊन टाकतात, आणि उरतो तो स्पाँजिन नावाच्या तंतूंचा सांगाडा. म्हणजे दुकानात मिळणारा अस्सल स्पंजसुद्धा प्राण्याचा केवळ सापळा असतो. जिवंत स्पंज कसा दिसतो हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेच नसते.

प्राणी की वनस्पती ?

स्पंज एका जागी चिकटून राहतो. त्याला डोके नाही, तोंड नाही, पाय नाहीत, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. त्यामुळे पुष्कळ काळ त्याला वनस्पती समजले जात होते. १८२५ साली रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने जिवंत स्पंजाचा तुकडा पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत सतत बाहेर पडत असून त्याबरोबर बारीक कण फेकले जात आहेत, असे त्यांना दिसले. पाणी आत कोठून येते याचा त्यांनी शोध घेतला. पुढे 'छिद्रे धारण करणारा' या अर्थाचे पोरीफेरा हे नावही त्यांनीच दिले.

स्पंजाच्या शरीराची रचना पाण्याच्या या प्रवाहाभोवती झालेली आहे. शरीरावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना ऑस्टीया म्हणतात. त्यांतून पाणी आत शिरते. आत बारीक कालव्यांचे जाळे असते व कालव्यांच्या मध्ये लहान लहान कोठ्या असतात. या कोठ्यांच्या भिंतींवर कॉलर पेशी बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीला शर्टाच्या कॉलरसारखी एक गोल किनार आणि मधोमध चाबकासारखा एक केस असतो. हजारो पेशींचे हे केस हलत राहतात व त्यामुळे पाणी पुढे ढकलले जाते. पाण्यातील जिवाणू व सूक्ष्म कण कॉलरमध्ये अडकतात, तेच स्पंजाचे अन्न. प्राणवायूही याच पाण्यातून मिळतो. गाळलेले पाणी ऑस्कुला नावाच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते व टाकाऊ पदार्थ सोबत नेते.

हे काम किती मोठे आहे ? प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ल्युकोनिया नावाच्या समुद्री स्पंजाचे उदाहरण देतात. दहा सेंटीमीटर उंच व एक सेंटीमीटर जाड, म्हणजे हाताच्या बोटाएवढा हा प्राणी. त्याच्या अंगात वीस लाखांहून अधिक कोठ्या असतात व तो दिवसाला सुमारे २२ लिटर पाणी गाळतो. एका बोटाएवढ्या जिवाने घरातल्या मोठ्या हंड्याहूनही जास्त पाणी रोज गाळावे, तेही एका जागी बसून !

सांगाड्याविषयी थोडे. शरीर ताठ राहावे म्हणून स्पंज आपल्या अंगात सुईसारखे बारीक काटे तयार करतो. त्यांना कंटिका म्हणतात. काही स्पंजांच्या कंटिका चुन्याच्या, तर बहुतेकांच्या सिलिकेच्या, म्हणजे काचेच्या जातीच्या असतात. युप्लेक्टेल्ला या खोल समुद्रातील स्पंजाचा सांगाडा तर काचेच्या धाग्यांनी विणलेल्या परडीसारखा दिसतो.

स्पंजाच्या पेशींचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्री स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, पाणी गढूळ दिसू लागले. काही काळाने त्या पेशी पुन्हा एकमेकींजवळ येऊन चिकटल्या, त्यांचे पुंजके झाले, आणि पुंजक्यांतून पुन्हा नवे लहान स्पंज घडले. इतक्या विस्कळीत अवस्थेतून पुन्हा उभे राहणारे प्राणी फार थोडे.

समुद्रातील वसाहत

आज जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य समुद्रात राहतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांपासून ते हजारो मीटर खोल अंधारापर्यंत त्यांची वस्ती आहे. आपल्या कोकणात रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीच्या वेळी गेले, तर दगडांच्या सावलीच्या बाजूला नारंगी, पिवळे, करडे असे थर चिकटलेले दिसतात. अनेकजण ते शेवाळ समजून पुढे जातात. त्यांतील कित्येक थर स्पंजांचे असतात. मालवणचा समुद्री परिसर १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला.

सर्वच स्पंज निरुपद्रवी नसतात. क्लायोना या गटातील स्पंज शिंपले व प्रवाळ पोखरून त्यांच्या आत घर करतात. किनाऱ्यावर गोळा केलेल्या जुन्या शिंपल्यावर टाचणीने टोचल्यासारखी ओळीने भोके दिसतात, ती बहुधा याच कारागिराची. अशा रीतीने चुन्याचा भुगा होतो व समुद्रातील चुन्याचे चक्र चालू राहते. परंतु प्रवाळ आधीच दुबळे झाले असतील, तर हीच पोखरण त्यांच्या मुळावर येते.

उपकाराची बाजूही सांगितली पाहिजे. जागचे हलता येत नाही, दात नाहीत, नखे नाहीत, म्हणून पुष्कळ स्पंज रासायनिक द्रव्यांनी स्वतःचे रक्षण करतात. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात वेगळ्या प्रकारची न्यूक्लिओसाइड द्रव्ये सापडली. त्यांच्या धर्तीवर पुढे सायटाराबीन हे औषध तयार झाले व १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. ज्या प्राण्याला तोंडही नाही, त्याने माणसाच्या मुलांचे प्राण वाचवण्यास हातभार लावला आहे.

मुंबईचे तलाव आणि डॉक्टर कार्टर

आता आपल्या घराकडे वळू. गोड्या पाण्यातील स्पंजांच्या जाती तुलनेने फार थोड्या, जगभरात अडीचशेच्या आसपास. त्यांच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

हेन्री जॉन कार्टर हे मुंबई इलाख्यात सरकारी शल्यचिकित्सक होते. दवाखान्याचे काम सांभाळून ते मुंबई बेटावरील तलावांच्या काठी बसत. त्या काळी मुंबईत नळ नव्हते, लोक तलाव-विहिरींचे पाणी वापरीत. या तलावांतील दगडांवर व पाण्यात बुडालेल्या काड्यांवर वाढणारे स्पंज त्यांनी गोळा केले आणि १८४७ ते १८४९ या काळात त्यांविषयी लेख लिहिले. स्पंज हा प्राणीच आहे या मताला त्यांच्या निरीक्षणांनी मोठा आधार मिळाला. मुंबईच्या तलावांतून त्यांनी वर्णन केलेल्या जातींपैकी 'स्पाँजिला अल्बा' व 'स्पाँजिला सिनेरिया' ही नावे त्यांनीच दिलेली आहेत. १८६३ साली बॉवरबँक यांनी मुंबईच्याच एका जातीला कार्टर यांचे नाव दिले. आज ती 'युनॅपियस कार्टेरी' म्हणून ओळखली जाते व भारतातील तळ्यांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या स्पंजांत तिची गणना होते. चांगले पाणी व आधार मिळाल्यास तिचा गोळा माणसाच्या डोक्याएवढाही होतो.

नाशिकची नोंद

पुढचा अध्याय नेल्सन अ‍ॅनंडेल यांचा. ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होते व १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. भारतातील गोड्या पाण्याचे स्पंज व त्यांचे सोबती यांवर त्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्टर यांच्या 'स्पाँजिला सिनेरिया' या जातीची नोंद करताना नाशिकच्या गोदावरीचे नाव येते. विशेष म्हणजे ती काही निर्जन डोहात मिळाली नव्हती. माणसांच्या धुण्या-आंघोळीचे साबणाचे पाणी जेथून वाहत होते अशा जागी ती दगडाला पसरट थरासारखी चिकटलेली होती. म्हणजे नाशिककर जेथे रोज कपडे धूत होते, तेथे त्यांच्या हाताशीच हा प्राणी पाणी गाळीत बसला होता.

याच काळात एक मराठी माणूस सह्याद्रीच्या नद्या पायाखाली घालीत होता. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु सातारा जिल्ह्यातील कृष्णा व वेण्णा या नद्यांतील गोड्या पाण्याचा जेलीफिश व स्पंज यांच्या शोधातही त्यांचा वाटा आहे. पुण्यातील ज्या संशोधन संस्थेचे ते १९४६ साली संस्थापक संचालक झाले, तिला आज त्यांचेच नाव आहे. विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे, की मोठे शोध फक्त मोठ्या प्रयोगशाळेतच लागतात असे नाही. नदीत उतरून दगड उलटून पाहण्याची तयारी लागते.

उन्हाळ्याशी सामना

समुद्र आटत नाही. आपली तळी व नद्या मात्र वैशाखात आटतात. मग जागचा न हलणारा हा प्राणी जगतो कसा ?

याचे उत्तर जेम्यूल या शब्दात आहे. आपण तिला सुप्त बीजिका म्हणू. पाणी कमी होऊ लागले, ऊन तापू लागले, की स्पंज आपल्या शरीरात मोहरीहूनही लहान असे पिवळसर-तपकिरी गोल दाणे तयार करतो. प्रत्येक दाण्यात अन्नसाठ्याने भरलेल्या पेशी असतात. भोवती चिवट कवच, व कवचात पुष्कळ जातींमध्ये खास आकाराच्या कंटिका रोवलेल्या. कवचाला एक लहानसे दार ठेवलेले असते. मूळ स्पंज मरून वाळून जातो, बीजिका मात्र दगडाला चिकटून किंवा मातीत मिसळून उन्हाळा काढतात. पुन्हा पाणी आले, की दारातून पेशी बाहेर पडतात व नवा स्पंज उभा राहतो. कार्टर यांनी या बीजिका पाण्यात ठेवून त्यांतून कोवळे स्पंज कसे बाहेर येतात ते प्रत्यक्ष पाहिले होते. थंड देशांत स्पंज हीच युक्ती हिवाळ्यासाठी वापरतात. आपल्याकडे ती उन्हाळ्यासाठी आहे. शेतकऱ्याने बियाणे मडक्यात जपून ठेवावे तसाच हा प्रकार.

याखेरीज गोड्या पाण्यातील स्पंज लैंगिक पद्धतीनेही प्रजनन करतात. त्यांची डिंभके काही काळ पोहतात व योग्य जागा मिळताच कायमची चिकटतात. जात ओळखायची असेल, तर रंग वा आकार पाहून चालत नाही, कारण एकच जात प्रवाहात पातळ थरासारखी व संथ पाण्यात फांद्या फुटल्यासारखी वाढू शकते. बीजिकेच्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. या प्राण्याच्या आश्रयाला इतरही जीव राहतात. काही स्पंज आत राहणाऱ्या शैवालामुळे हिरवे दिसतात, तर सिसिरा नावाच्या कीटकाची अळी स्पंजालाच शोषून वाढते.

आपल्या भागाशी त्याचे आणखी एक नाते आहे. गोड्या पाण्यातील स्पंजांच्या कंटिका सिलिकेच्या असतात व ती सिलिका ते पाण्यातून घेतात. आपली त्रिरश्मी लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरलेली आहेत, तोच पाषाण ऊन-पावसाने झिजून सिलिका पाण्यात उतरत असते. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी याच खडकातून वाहते. लेण्यांचा दगड व स्पंजाची सुई यांचे मूळ असे एक आहे.

आपल्या हाती काय आहे ?

स्पंजाच्या गरजा थोड्या आहेत. चिकटायला दगड किंवा काडी, वाहते वा निदान हलते पाणी, प्राणवायू, आणि बारीक अन्नकण. थोडीफार घाण तो सहन करतो, नव्हे खातो. १९११ सालच्या नोंदीवरून ते दिसतेच. परंतु त्याला गाळ सोसत नाही. बारीक माती छिद्रांत बसली, की त्याचा श्वास व घास दोन्ही बंद होतात. नाल्यांतून आलेल्या सांडपाण्याने पाण्यातील प्राणवायू संपला, पाणवेलींनी पात्र झाकून गेले, तर त्याचे काही चालत नाही. गेल्या काही दशकांत रामकुंड परिसरातील पात्रावर काँक्रीट पडले व काही जुनी कुंडे त्याखाली गेली. दगडाची जागा काँक्रीटने घेतली म्हणून स्पंज मरतो असे आम्ही म्हणत नाही, त्याला कठीण पृष्ठ चालते. पण तळाचे झरे बुजले, पाणी साचले व गाळ बसू लागला, तर तेथे राहायचे कोणी ?

वाहत्या नदीत असे असंख्य लहान जीव पाणी गाळीत असतात. ते गेले, की नदी स्वतःला स्वच्छ करण्याची शक्ती गमावते, व तेच काम मग आपल्याला यंत्रे लावून, पैसे खर्चून करावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. पावसाळा संपून पाणी निवळले, की कार्तिक ते माघ या काळात वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन गोदावरी, दारणा किंवा गावच्या तळ्याच्या काठी जा. उथळ पाण्यातील दगडाची खालची बाजू, पुलाचा खांब, बुडालेली फांदी पाहा. शेवाळ बुळबुळीत लागते व त्याचे धागे सुटतात. स्पंजाचा थर ठिसूळ, किंचित खरखरीत असतो, त्यावर लहान छिद्रे दिसतात आणि त्याला विशिष्ट उग्र वास येतो. भिंगाने मोहरीहून लहान पिवळे दाणे दिसले तर त्या बीजिका समजाव्यात. चिमटा वापरावा, कारण कंटिका बोटांत शिरून खाज सुटते. लहान दगडासह स्पंज नदीच्याच पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात ठेवावा, तो स्थिरावला की त्याच्याजवळ थोडेसे गढूळ पाणी थेंबाने सोडावे आणि मोठ्या छिद्रावर नजर ठेवावी. १८२५ साली ग्रँट यांना जे दिसले, ते पाहण्याची संधी तुम्हालाही मिळेल. पाहून झाल्यावर दगड होता तेथे, होता तसाच ठेवावा. नांदूरमध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात मात्र कशालाही हात लावू नये. तारीख, जागा, पाण्याची स्थिती वहीत लिहावी. काही मिळाले नाही, तरी 'मिळाले नाही' हीसुद्धा नोंदच आहे. शंभर वर्षांनी कोणीतरी ती वाचील.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आता आम्ही असे सांगू, की बाळा, स्पंज तुझ्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी तुझ्या नदीत होता. शास्त्रज्ञांनी दूरवरून येऊन तो पाहिला व लिहून ठेवला. आपण काठावर राहून तो पाहिला नाही. तो तेथे राहावा यासाठी काय करायचे, हा प्रश्न मात्र दोन मार्कांचा नाही, आणि त्याचे उत्तर तुला-आम्हाला मिळूनच लिहावे लागणार आहे.